वसई : तीन महिन्यांचा वेढा आणि दोनशे वर्षांचे सीमेवरचे शहर

खाडीअल्याड, माहीम (धागाकर्ता)

वसईच्या किल्ल्याविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यातले बहुतेक लेखन १७३९ च्या फेब्रुवारीत सुरू होते आणि मे महिन्यात संपते. चिमाजी अप्पांच्या मोहिमेचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु ज्या तटाखाली मराठ्यांनी सुरुंग खणले तो तट कोणी, केव्हा आणि कोणाच्या धास्तीने उभारला, हे समजून घेतल्याखेरीज ती मोहीम किती अवघड होती हेही लक्षात येत नाही. वसईला आपण सवयीने किल्ला म्हणतो. प्रत्यक्षात तटाच्या आत रस्ते, चौक, बाजार, तुरुंग, इस्पितळ, मठ आणि पाच-सहा चर्च असलेले ते एक पूर्ण शहर होते, आणि दोनशेहून अधिक वर्षे ते एका राज्याच्या कडेवर उभे होते.

सुरुवात २३ डिसेंबर १५३४ च्या तहापासून करावी लागते. हुमायूनच्या चढाईने अडचणीत आलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीज गव्हर्नर नुनू द कुन्या याच्याशी तह करून वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख देऊन टाकला. त्या मुलखात मुंबईची बेटेही होती. म्हणजे मुंबई त्या कागदावर वसईची पुरवणी म्हणून आली, हे वसई-विरारला मुंबईचे उपनगर समजणाऱ्यांनी एकदा आठवून पाहावे. १५३६ मध्ये पहिला कप्तान गार्सिया द सा याने गव्हर्नरच्या आज्ञेवरून गढी बांधली आणि तसा शिलालेखही कोरून ठेवला. शहराला वेढणारा बाहेरचा मोठा तट त्यानंतरच्या काळात टप्प्याटप्प्याने उभा राहिला. त्याचा घेर सुमारे साडेचार किलोमीटर भरतो.

ही सीमा एकाच शत्रूशी कधीच नव्हती, आणि माझ्या मते या शहराचे सगळे वैशिष्ट्य त्यात आहे. उत्तरेला आधी गुजरातचे सुलतान आणि पुढे मोगल, पूर्वेला निजामशाही, जव्हारचे कोळी राजे आणि नंतर मराठे, तर समुद्राकडून ओमानचे अरब. १६७४ मध्ये अरबांनी येथे उतरून तटाबाहेरची वस्ती आणि चर्च लुटली, आणि त्याच सुमारास मोरोपंत पिंगळे चौथाईची मागणी घेऊन या मुलखाच्या दाराशी आले. १६६५ मध्ये मुंबई इंग्रजांच्या हाती गेल्यावर दक्षिणेलाही सीमा तयार झाली आणि ती थेट माहीमच्या खाडीत येऊन बसली. मी ज्या खाडीच्या अलीकडे राहतो तिच्या पलीकडचे वांद्रे तेव्हा पोर्तुगीजांचे होते.

शहराची मुख्य दारे दोन, एक समुद्राकडचे आणि एक जमिनीकडचे. जमिनीकडच्या दारातून आत जाताना वाट सरळ जात नाही, ती वळते. त्यामुळे बाहेरचा दरवाजा फोडून आलेल्या माणसाला आतला दरवाजा दिसतच नाही आणि डोक्यावरच्या तटावरून मात्र तो स्वतः पूर्ण दिसतो. आत गेल्यावर सेंट जोसेफचे मुख्य चर्च लागते. त्याच्या दर्शनी भिंतीवरच्या शिळेवर १६०१ हे साल आहे. आर्चबिशप आलेशू द मेनेझिस यांच्या काळात, पेद्रू गाल्व्हाव पेरेरा हे व्हिकार (चर्चचे प्रमुख धर्मगुरू) असताना, या चर्चचे नूतनीकरण झाले, असे तीवर पोर्तुगीजमध्ये लिहिले आहे. तटाला सतत धोका असलेल्या शहराने चर्चच्या डागडुजीची नोंद इतक्या सुबक अक्षरांत कोरून घ्यावी, हे मला त्या शहराच्या आत्मविश्वासाचे लक्षण वाटते, आणि पुढे त्याच आत्मविश्वासाने त्याचा घातही केला असावा.

वसईकडे सीमेवरचे शहर म्हणून पाहिल्यास आणखी काय दिसते, याविषयी जाणकारांनी लिहावे ही विनंती.

तटसरनौबत, ठाणे

धाग्याचा विषय योग्य आहे. तटाच्या रचनेविषयी थोडी भर घालतो, कारण वेढ्याचा सगळा हिशेब त्या रचनेत आहे. आपल्या डोंगरी किल्ल्यांवरचे बुरुज बहुधा गोल असतात. वसईचे बुरुज बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले आहेत, जेणेकरून एका बुरुजावरच्या तोफा शेजारच्या बुरुजाच्या पायथ्यावर मारा करू शकतात आणि भिंतीला चिकटून उभ्या राहिलेल्या सैनिकाला लपायला जागा उरत नाही. या बुरुजांना संतांची नावे होती : सांव सेबास्तियांव, नोसा सेन्योरा दुश रेमेदियुश, सांतियागू, सांव पेद्रू, सांव पाउलू वगैरे. एकाचे नाव मात्र ‘एलेफांत’, म्हणजे हत्ती. संतांच्या रांगेत हा हत्ती कसा शिरला कोण जाणे.

शहराच्या बहुतेक बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल होती. शिड्या लावायला आणि सुरुंग खणायला कोरडी जमीन मिळे ती उत्तरेकडे, आणि म्हणून सारा मारा त्या बाजूच्या सेबास्तियांव आणि रेमेदियुश या बुरुजांवर एकवटला. त्याआधी आसपासची ठाणी घेणे आवश्यक होते. १७३७ मध्ये ठाणे आणि अर्नाळा हाती आले. १७३९ च्या जानेवारीत माहीम (केळव्याजवळचे), डहाणू आणि तारापूर घेतले गेले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव गोळी लागून पडले. त्यानंतर वेसावे आणि खाडीच्या मुखावरचे धारावी (उत्तनकडचे, आपल्या मुंबईतले नव्हे) घेतल्यावर वसईची खाडी बंद झाली. मानाजी आंग्र्यांचे आरमार समुद्राकडून होते, तर गोव्यातून कुमक येऊ नये म्हणून व्यंकटराव घोरपड्यांनी तिकडे स्वतंत्र चढाई केली होती. म्हणजे एका शहरासाठी डहाणूपासून गोव्यापर्यंतचा किनारा गुंतवला गेला होता, आणि चिमाजी अप्पांची खरी करामत मला या जुळवाजुळवीत दिसते.

“किल्ला हाती येत नसेल तर माझे मस्तक तोफेने किल्ल्यात उडवा” ही आख्यायिका सर्वांना पाठ असते. तिचे आकर्षण मी समजू शकतो, तथापि अखेरच्या हल्ल्याचे प्रत्यक्ष वर्णन तिच्यापेक्षा अधिक भेदक आहे. काही सुरुंग वेळेवर उडाले, तटाला खिंडार पडले, लोक आत धावले, आणि मागाहून उडालेल्या सुरुंगाने आपलेच लोक दगडांखाली गाडले गेले. तरीही दुसऱ्या दिवशी हल्ला पुन्हा झाला. आतल्या बाजूला जनरल मार्तिन्यू द सिल्वेइरा वेढ्यातच मारला गेला होता, आणि शरणागतीची बोलणी काएतानू द सोझा पेरेरा याला करावी लागली.

एक वाचक, गिरगाव

वरील माहितीबद्दल आभारी आहे. एक शंका आहे. काही पुस्तकांत शरणागतीची तारीख ५ मे १७३९ अशी दिलेली आढळते, तर काहींत १६ मे. त्याचप्रमाणे किल्ल्यावर भगवा चढल्याची तारीख कुठे १२ मे आहे, तर कुठे २३ मे. यातले खरे कोणते मानावे?

खाडीअल्याड, माहीम (धागाकर्ता)

दोन्ही खरे आहे. इंग्रज १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन कालगणना वापरत होते, तर पोर्तुगीजांनी ग्रेगोरियन कालगणना १५८२ मध्येच स्वीकारली होती. अठराव्या शतकात या दोहोंत अकरा दिवसांचे अंतर होते. त्यामुळे मुंबईच्या इंग्रजी दप्तरात जो दिवस ५ मे आहे तोच वसईच्या पोर्तुगीज कागदात १६ मे आहे, आणि १२ मे म्हणजे २३ मे. तह झाल्यावर पोर्तुगीजांना शहर सोडण्यासाठी आठवडाभराची मुदत मिळाली होती, तिच्याशीही हे जुळते. आज आपण जी कालगणना वापरतो तिच्यानुसार १६ मे आणि २३ मे लिहिणे योग्य. खाडीच्या दोन काठांवर एकाच दिवशी दोन तारखा चालू असाव्यात, ही सीमेची आणखी एक गंमत.

कोटवाला, फोर्ट

मी व्यवसायानिमित्त आयुष्यभर फोर्टात वावरलो आहे, त्यामुळे मुंबईची बाजू मांडण्याचा मोह होतो. वसईच्या पाडावाचा सर्वांत ठळक परिणाम वसईपेक्षाही मुंबईच्या जमिनीवर झाला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

वेढा चालू असताना वसईने मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रजांनी थोडा दारूगोळा दिला आणि पंधरा हजार रुपये दिले, पण तेही चर्चमधली चांदीची भांडी आणि काही पितळी तोफा तारण ठेवून घेतल्यावर. एका बाजूला हा सावकारी व्यवहार चालू असतानाच दुसऱ्या बाजूला मराठ्यांशी गोडी ठेवण्याचीही तजवीज होती. वसई पडताच कॅप्टन इंचबर्डला चिमाजी अप्पांकडे आणि कॅप्टन गॉर्डनला साताऱ्याला शाहू महाराजांकडे धाडण्यात आले, आणि जुलै १७३९ मध्ये पेशव्यांच्या मुलखात व्यापार करण्याची मोकळीक देणारा तह इंग्रजांनी पदरात पाडून घेतला. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती लागून आपल्यावरच उलटू नये म्हणून त्याची मोडतोडही याच सुमारास झाली. शेजारधर्माचा हा नमुना पाहून पोर्तुगीजांना काय वाटले असेल, त्याची कल्पना करावी.

आता मुंबईचे स्वतःचे भय. साष्टी मराठ्यांकडे गेल्यामुळे माहीम आणि शीवच्या पलीकडे आता पेशव्यांचे राज्य होते. मुंबईच्या कोटाला तट होता, परंतु त्याभोवती खंदक नव्हता. शहरातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून तीस हजार रुपये उभे केले आणि खंदकाचे काम सुरू झाले. आपले पैसे तटाच्या आत असले की संरक्षणाचा खर्च अवाजवी वाटत नाही, हे व्यापाऱ्यांना कोणी समजावून सांगावे लागले नसावे. पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतल्यावर ही सीमा उत्तरेकडे सरकली आणि हळूहळू शीवच्या किल्ल्याचे कामच संपले. तो किल्ला १६६९ ते १६७७ या काळात जेरल्ड आंजियरच्या कारकिर्दीत बांधला गेला, तोही पोर्तुगीज साष्टीवर नजर ठेवण्यासाठीच. आज तिथे संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी किती जणांना आपण एका जुन्या सरहद्दीवर बसलो आहोत हे ठाऊक असेल, कोण जाणे.

मुंबईचा तट १८६० च्या दशकात सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना पाडला गेला. अपोलो गेट, चर्चगेट आणि बझार गेट ही तीन दारे गेली आणि नावे मागे राहिली. त्यातले चर्चगेट आजच्या चर्चगेट स्थानकाजवळ नव्हते, हुतात्मा चौकाच्या परिसरात होते. फोर्ट जॉर्जच्या भिंतीचा एक तुकडा सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारालगत अजून उभा आहे. वसईत तट शिल्लक राहिला आणि शहर गेले; मुंबईत शहर एवढे वाढले की तट आड येऊ लागला.

पाचूबंदर, वसई

मी वसईकर ख्रिस्ती आहे, आणि या चर्चेत इथल्या लोकांचा उल्लेख अजून आलेला नाही म्हणून लिहीत आहे. वसईचा इतिहास सांगताना पोर्तुगीज विरुद्ध मराठे असे दोनच पक्ष मांडले जातात, आणि मधल्या मधे भंडारी, कोळी, आगरी, सामवेदी, वाडवळ, कुपारी हे सगळे प्रेक्षक होऊन बसतात. वास्तविक १७३७ च्या मोहिमेला तोंड फुटले ते स्थानिकांच्या गाऱ्हाण्यांमुळे. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांच्या घरातली माणसे फिरंगाणातल्या, म्हणजे पोर्तुगीज मुलखातल्या, जाचाची तक्रार घेऊन पुण्याच्या दरबारी खेटे घालत होती. देवळे पाडली गेली, हिंदूंच्या धार्मिक विधींवर बंदी आली, हे खरे आहे आणि आम्ही ते नाकारत नाही. त्याचबरोबर ज्यांचे पूर्वज त्या काळात ख्रिस्ती झाले ते लोक पोर्तुगीज नव्हते, इथलेच होते, आणि १७३९ नंतरही ते इथेच राहिले. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना त्यांचा धर्म पाळण्याची मोकळीक मान्य झाली होती. त्या अटीचा उल्लेख विजयाच्या भाषणांत फारसा होत नाही. खरे म्हणजे तो चिमाजी अप्पांच्या मोठेपणात भरच घालील.

किल्ल्यातल्या येशू संघीयांच्या (जेझुइटांच्या) चर्चला आम्ही गोन्सालो गार्सिया यांचे चर्च म्हणतो. गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत जन्मले, येशू संघीयांच्या हाताखाली वाढले, त्यांच्याबरोबर जपानला गेले, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला इतर पंचवीस जणांबरोबर त्यांना क्रुसावर ठार मारण्यात आले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. सीमेवरच्या शहरातला एक मुलगा जपानपर्यंत पोहोचला, यावरून त्या बंदराची झेप समजते.

फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी चर्चची जमीन पाहावी. ती समाधीशिळांनी भरलेली आहे. काहींवर घराण्यांची ढालचिन्हे आहेत, काहींवर नुसती नावे आणि साले. लोक त्यांच्यावर उभे राहून छायाचित्रे काढतात. लग्नापूर्वीच्या छायाचित्रणासाठी रंगीत धुराच्या नळकांड्या पेटवणाऱ्या जोडप्यांना मी स्वतः त्या शिळांवरून बाजूला व्हायला सांगितले आहे. त्यांना खाली कोणी पुरले आहे हे माहीतच नव्हते, आणि तसे सांगणारा फलकही जवळपास नव्हता.

घंटानाद, नाशिक (सध्या मुलुंड)

वसईचा वारसा वसईबाहेरही विखुरलेला आहे. चर्चच्या घंटा विजयानंतर महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळावरची घंटा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यावर १७२१ हे साल आणि पोर्तुगीज अक्षरे आहेत. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर, १७०७ सालची घंटा आहे आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती उठावात आहे. भीमाशंकरलाही अशीच घंटा आहे. मेणवलीची घंटा जवळून पाहताना ध्यानात येते की ती आकृती कोणी घासून काढण्याचा प्रयत्नही केलेला नाही. देवापुढे टांगताना त्या काळच्या लोकांना तिची अडचण वाटली नाही, एवढे निश्चित.

उलट दिशेचाही प्रवास आहे. वसईचा काळा दगड गोव्याला जात असे. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेच्या दर्शनी भागात, जांभ्या दगडाच्या जोडीला, वसईहून नेलेला बेसाल्ट वापरला आहे. गोव्याची छायाचित्रे पाहून हरखणाऱ्या मुंबईकरांनी विरार लोकल पकडून त्या दगडाच्या माहेरी जायला हरकत नाही.

तटसरनौबत, ठाणे

पाचूबंदर यांचा मुद्दा मान्य आहे. माझ्या प्रतिसादात स्थानिकांचा उल्लेख यायला हवा होता, विशेषतः खाडीचे पाणी आणि चोरवाटा ज्यांना ठाऊक होत्या त्यांच्या मदतीवाचून ही मोहीम चालणे शक्य नव्हते.

१७३९ नंतरचा काळही थोडक्यात नोंदवतो. मराठ्यांनी शहराला बाजीपूर हे नाव दिले, पण ते टिकले नाही. शंकराजी केशव फडके सुभेदार झाले. किल्ल्यात नागेश्वर आणि वज्रेश्वरी यांची देवळे उभी राहिली, आणि चिमाजी अप्पांच्या नवसाप्रमाणे तानसेच्या काठी वज्रेश्वरीचे किल्ल्यासारखे देऊळ बांधले गेले. १७८० च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डने वेढा घालून वसई घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती परत मिळाली. त्यानंतर हडपसरच्या लढाईत होळकरांकडून हरलेला दुसरा बाजीराव पळत पळत याच वसईत आला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तो प्रसिद्ध तह केला. ज्या शहराने पेशवाईला तिचा सर्वांत कष्टाचा विजय दिला त्याच शहरात तिने आपले स्वातंत्र्य लिहून दिले. आपल्याकडे पहिल्या प्रसंगाचा पुतळा किल्ल्यात आहे. दुसऱ्याची साधी पाटीही असावी, असे मला वाटते.

इंग्रजांच्या काळात सीमा नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर शहराचे प्रयोजनही. एकोणिसाव्या शतकात किल्ल्याची जागा भाड्याने देऊन तिथे साखरेचा कारखाना काढण्याचा उद्योग झाला. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली आणि वस्ती रुळांच्या बाजूला सरकत गेली.

एक वाचक, गिरगाव

या चर्चेनंतर किल्ला नव्याने पाहण्याची इच्छा झाली आहे. सहकुटुंब यायचे असल्यास कोणत्या क्रमाने पाहावे, हे कोणी सांगितल्यास बरे होईल.

पाचूबंदर, वसई

वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेकडून किल्ल्याकडे बस आणि रिक्षा मिळतात. भाईंदरहून रो-रो फेरीने खाडी ओलांडूनही येता येते, आणि विषय समजून घ्यायचा असेल तर हाच मार्ग चांगला, कारण शहराची समुद्राकडची बाजू आधी दिसते. धक्क्यावरून समुद्राकडच्या दरवाज्याने आत या, सेंट जोसेफच्या चर्चची दर्शनी शिळा वाचा, मग सेंट अँथनी, डॉमिनिकन आणि येशू संघीयांचे चर्च, नागेश्वराचे देऊळ, आणि शेवटी जमिनीकडच्या दरवाज्याने बाहेर पडून तटाच्या बाहेरून उत्तरेकडे चालत जा. बहुतेक लोक हा शेवटचा भाग टाळतात, कारण तिथे झाडोरा माजलेला असतो. परंतु वेढा घालणाऱ्याला तट कसा दिसत असेल, हे तिथेच कळते. पावसाळ्यात यायचे असेल तर पायांत घट्ट बूट असू द्यावेत. शेवाळाने शिळा निसरड्या होतात, आणि पिंपळाच्या मुळांनी सुटलेल्या कमानींखाली मुलांना थांबू देऊ नये. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, म्हणून तटावर चढणे आणि चूल पेटवणे या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. परतताना वसई गावच्या बाजारात आगाशीची सुकेळी (सुकवलेली केळी) मिळाली तर जरूर घ्यावीत.